युकॉन नदीवर एकटीने कनू: व्हाइटहॉर्स ते डॉसन पूर्ण झालं

वाशिष्ठी | २१ सप्टेंबर, रात्री ९:४०

मंडळी, व्हाइटहॉर्स ते डॉसन झालं. उन्हाळ्यात तयारीच्या धाग्यावर ज्यांनी सूचना केल्या, नकाशे पाठवले, काळजी व्यक्त केली, त्या सगळ्यांसाठी हा नवा धागा काढते आहे. मी एडमंटनला घरी सुखरूप आहे. भाड्याची कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी) तिच्या मालकांकडे गेली, तंबू बाल्कनीत वाळतो आहे, आणि खांदे अजून बोलतायत.

ज्यांना भूगोल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युकॉन नदी ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर भागात उगम पावते, कॅनडाच्या युकॉन प्रदेशातून वायव्येला जाते आणि अख्खं अलास्का ओलांडून बेरिंग समुद्राला मिळते. एकूण लांबी ३,००० किलोमीटरच्या वर. त्यातला व्हाइटहॉर्स ते डॉसन हा तुकडा सातशेहून थोडा जास्त. वाटेत दुकान, रस्ता आणि पूल असलेलं गाव एकच, कारमॅक्स. बाकी स्प्रूस आणि अस्पेनची झाडं, वाळूची बेटं आणि ढासळणारे काठ. १८९६ मध्ये क्लोंडाइकच्या एका ओढ्यात सोनं सापडलं आणि दोन वर्षांत हजारो लोक हाताने ठोकलेल्या होड्यांतून याच पाण्यावरून गेले. पुढे १९५० च्या दशकापर्यंत इथे चाकाच्या आगबोटी चालत. त्यांना लाकूड पुरवणाऱ्या ठाण्यांच्या मोडक्या झोपड्या अजून काठावर दिसतात.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते. निघण्यापूर्वी सगळे मला एकच विचारत होते, "एवढं अंतर एकटी वल्हवणार कशी?" खरं तर या नदीवर पुढे जायला फार काही लागत नाही. प्रवाह ताशी आठ-दहा किलोमीटर सहज नेतो. वल्हं मांडीवर ठेवून चहा प्यायला तरी अंतर कापलं जातं. कठीण आहे ते थांबणं. कुठे थांबायचं, कधी निघायचं नाही, आणि वाहत्या पाण्यातून काठाला नेमकं कसं लागायचं. दोघं असतील तर एक जण उडी मारून दोर धरतो. एकटीच्या बाबतीत दोर धरणारं कोणी नसतं. माझा सराव आणि माझी तयारी जवळजवळ सगळी या एका गोष्टीसाठी होती, आणि प्रवासभर तीच कामी आली.

पहिली परीक्षा लेक लबार्जला. व्हाइटहॉर्सच्या खाली नदी या तलावात शिरते आणि प्रवाह मरतो. तलाव पन्नास किलोमीटर लांब आणि रुंदीला दोन ते पाच किलोमीटर. पाणी उन्हाळ्यातही बर्फासारखं थंड, आणि वारा दुपारी कोणतीही सूचना न देता उठतो. मी उजव्या काठाला चिकटून गेले. पहाटे अंधार फिटायच्या आत पाण्यात, आणि लाटांवर पांढरं दिसायला लागलं की काठाला. एक अख्खा दिवस मी गोट्यांच्या किनाऱ्यावर बसून काढला. ऊन होतं, आकाश निळं होतं, फोटोत कोणालाही वाटेल की काय सुंदर दिवस आहे. पण काठापासून दोनशे मीटरवर कनू उलटली तर एकट्या माणसाला त्या पाण्यात काय होतं याचा इथला साधा हिशेब असा: पहिलं एक मिनिट श्वास सावरण्यात जातं, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि साधारण तासाभरात शुद्ध हरपते. हा हिशेब डोक्यात पक्का असला की निळ्या आकाशाचा मोह पडत नाही.

तलाव संपला की 'थर्टी माइल' सुरू होते, टेस्लिन नदी येऊन मिळते तिथपर्यंत. माझ्या मते सगळ्या प्रवासातला सर्वांत देखणा भाग हाच. पाणी हिरवं-निळं आणि इतकं स्वच्छ की तळाचे गोटे कनूखालून पळताना दिसतात. १९९१ पासून या तुकड्याला कॅनडात वारसा नदीचा दर्जा आहे. इथेच मी काठाला लागण्याची माझी पद्धत रोज घोटून घेतली. गोट्यांचं बेट दिसलं की त्याच्या खालच्या टोकाला पाणी उलटं फिरत असतं. तिथे पोचायच्या बरंच आधी पुढचं टोक प्रवाहाच्या उलट्या दिशेला वळवायचं, थोडं काठाकडे तिरकं धरायचं, आणि वर जायचं असल्यासारखं वल्हवत राहायचं. कनू वर जात नाही, बाजूला सरकत जाते. टोक त्या फिरत्या पाण्यात शिरलं की एक हिसका बसतो, वजन आतल्या बाजूला टाकायचं, आणि अचानक सगळं शांत. मग आधी दोर हातात आणि त्यानंतरच पाय पाण्यात. हा क्रम मी एकदाही मोडला नाही.

रात्री कनू पूर्ण वर ओढून, पालथी घालून, झाडाला बांधून. वरच्या डोंगरात पाऊस झाला तर इथे स्वच्छ आकाशाखाली पाणी चढतं. कनू वाहून गेली तर एकट्या माणसाला पुढे जायला वाट नाही आणि मागे फिरायलाही नाही.

कारमॅक्सच्या खाली फाइव्ह फिंगर रॅपिड्स, म्हणजे खळाळत्या, वेगवान पाण्याचा टप्पा. नदीत खडकाची चार बेटं उभी आहेत, त्यांच्यामधून पाणी पाच वाटांनी फुटतं. जायची वाट एकच, अगदी उजवीकडची. आगबोटीही तिथूनच जायच्या, आणि वर येताना त्यांना तारेच्या दोराने ओढून घ्यावं लागे. मी वळणाच्या आधीपासून उजवा काठ धरला, सगळं सामान पुन्हा बांधलं, गुडघ्यांवर बसले. लाटा दोन-तीन, उंच, थेट समोरून. मांडीत ओंजळभर पाणी आलं आणि संपलं. त्याच्या खालची रिंक रॅपिड्सही उजव्या काठाने निमूट पार होते.

पेली नदीच्या संगमाजवळ फोर्ट सेलकर्क. रस्ता नाही, फक्त नदीने जाता येतं. फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या रॉबर्ट कॅम्पबेलने १८४८ मध्ये इथे ठाणं घातलं. किनाऱ्यावरच्या चिलकॅट लोकांचा आतल्या प्रदेशाशी जुना व्यापार होता. या ठाण्याने त्याला धक्का बसला आणि १८५२ मध्ये त्यांनी ते लुटून उठवलं. आता सेलकर्क फर्स्ट नेशन (इथला मूळनिवासी समाज) आणि युकॉन सरकार मिळून जागा सांभाळतात. लाकडी घरं, शाळा, दोन चर्च, सगळं झाडून-पुसून ठेवलेलं. समोरच्या काठावर काळ्या बेसॉल्टची भिंत कितीतरी किलोमीटर चालते.

आणि पांढरा पट्टा! कारमॅक्सच्या आसपासपासून ढासळलेल्या काठांत, गवताच्या मुळांच्या किंचित खाली, एक पांढरी रेघ दिसत राहते, कुठे बोटभर, कुठे वीतभर. मी एका ठिकाणी नखाने खरवडून पाहिली. पिठासारखी मऊ, पण दाताखाली करकर वाजते. ही ज्वालामुखीची राख. सुमारे १,२०० वर्षांपूर्वी अलास्कातल्या, हद्दीजवळच्या माउंट चर्चिलचा उद्रेक झाला तेव्हा पडलेली. त्या राखेने इथली काही माणसं दक्षिणेला सरकली असावीत असं काही अभ्यासक मानतात. ती एक रेघ बघत मी कितीतरी तास वाहत गेले आणि मला कंटाळा आला नाही.

व्हाइट नदी डावीकडून येऊन मिळाली की युकॉन बदलते. हिमनद्यांचा गाळ आणि ती राख घेऊन आलेलं दुधट-करडं पाणी. मिळाल्यापासून कनूच्या तळातून आवाज येतो, सतत, तापल्या तव्यावर पाण्याचा शिपका मारावा तसा. गाळाचे कण तळाला घासत जात असतात. पहिल्यांदा मी वाकून कान लावून ऐकलं. पुढे डॉसनपर्यंत तो आवाज सोबतीला होता. आता तळ दिसत नाही, वाळूचे दांडे पाण्याखाली लपतात, आणि नदी इतक्या फाट्यांत पसरते की कुठला घ्यायचा हे पाण्याच्या रंगावरून नाही, पृष्ठभागाच्या सुरकुत्यांवरून ठरवावं लागतं.

शेवट. डॉसन दिसतं त्याच्या आधी गावामागच्या डोंगरावरची मूसहाइडची दरड दिसते, मोठी, उघडी. ती दिसली की मी उजव्या काठाला आले आणि सोडला नाही. गाव उजवीकडे आहे आणि त्याच्या जरा आधी क्लोंडाइक नदी जोरात येऊन मिळते, ती मधे ढकलते. इथे पात्र रुंद, प्रवाह दमदार, समोरून गाड्या नेणारी फेरी आडवी चाललेली. चुकलात तर पुढचं गाव थेट अलास्कातलं ईगल. मी अजून पन्नास मैल असल्यासारखी वल्हवत राहिले, तसंच वर तोंड करून, तिरकी सरकत, आणि गावाच्या काठाला लागले. दोर आधी, पाय नंतर. मग मात्र गोट्यांवर बसून मनसोक्त रडले. दुःखाचं काही नव्हतं. इतके दिवस प्रत्येक निर्णय डोक्यात तीनदा घोळवून घेतलेला, तो ताण एकदम सुटला.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहिते.

---

सह्यवेडा | २१ सप्टेंबर, रात्री १०:१५

ताई, सलाम! एका दमात वाचलं. फोर्ट सेलकर्कसमोरच्या भिंतीबद्दल अजून लिहा ना. आपल्याकडच्या कातळासारखे खांब दिसतात का?

---

वाशिष्ठी | २१ सप्टेंबर, रात्री १०:५०

दिसतात! उभे, कोनाकोनाचे, एकाला एक लागून. लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडे जातात, ती क्रिया तीच. पण वयात फार फरक आहे. आपला दख्खनचा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा आणि एकावर एक थर रचलेला. इथला त्या मानाने अगदी तरुण, आणि नदीच्या दरीतच वाहत आलेला, म्हणून भिंत पाण्यालगत उभी. चिपळूणला वाढलेल्या माणसाला परक्या मुलखात तो काळा दगड बघून किती बरं वाटतं हे तुम्हाला सांगायला नको.

---

अनुजा_प | २२ सप्टेंबर, सकाळी ७:०५

अभिनंदन! माझे प्रश्न स्वयंपाकघरातले. काय काय नेलं होतंस? आणि अस्वलं? आपल्या मसाल्यांचा वास तर मैलभर जातो.

---

वाशिष्ठी | २२ सप्टेंबर, सकाळी ८:३०

अनुजा, घरी भाजून, मोजून पिशव्या केल्या होत्या. डाळ-तांदूळ-मसाला एकत्र, म्हणजे फक्त पाणी आणि तूप. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, लसणाची कोरडी चटणी, डिंकाचे लाडू, आमसुलं. भाजणीने फार साथ दिली. थंडीत, भिजलेल्या हातांनीही पीठ भिजवून तव्यावर थापता येतं. कारमॅक्सला कांदे, बटाटे आणि सफरचंदं घेतली.

अस्वलांचं म्हणशील तर काळी अस्वलं काठावर दिसली, ग्रिझलीचे फक्त ठसे. अस्वलाच्या नाकाला लसणाची चटणी आणि टूथपेस्ट यांत काही फरक नाही, दोन्ही त्याला खाणंच वाटतं. म्हणून वासाचं सगळं, अगदी साबण आणि ओठांचं मलमही, घट्ट झाकणाच्या पिंपात. पिंप तंबूपासून शंभर पावलं लांब. रांधायचं आणि जेवायचं पाण्याच्या कडेला, झोपायचं दुसरीकडे. शक्यतो मुक्काम बेटाच्या उघड्या टोकावर, तिथे वारा असतो आणि दोन्हीकडचं दिसतं. उतरल्यावर आधी मोठ्याने बोलत फेरी मारायची, ठसे-विष्ठा बघायची, ताजं काही दिसलं की सामान न उतरवता पुढे. अस्वलावर मारायचा फवारा कायम लाइफ जॅकेटला अडकवलेला, सामानात नाही. आणि हो, तो विमानात नेता येत नाही, गॅसचे डबेही नाहीत. दोन्ही व्हाइटहॉर्सला घ्यायचे.

---

डोंबिवलीकर | २२ सप्टेंबर, सकाळी ९:१२

जबरदस्त! वाचनखूण साठवली आहे.

---

ओंटारियोवासी | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२०

मनापासून अभिनंदन. मी ओंटारियोतल्या वाबाकिमी उद्यानात दोनदा गेलो आहे, दोन्ही वेळा तिघं मिळून. आमच्या बाजूला गोष्ट अगदी वेगळी. आगगाडी जंगलात उतरवते, पुढे तलावामागून तलाव, आणि मधे कनू डोक्यावर घेऊन चालायचं. प्रवाह मदत करत नाही, पण पळवूनही नेत नाही. तुम्ही थांबण्याबद्दल जे लिहिलंय ते वाचून लक्षात आलं की आम्हाला तो प्रश्न कधी पडलाच नव्हता. एक विचारतो: एकटीने बसायची जागा आणि वजन कसं जुळवलं? दोघांच्या कनूत एकटा बसला की पुढचं टोक हवेत जातं आणि वारा त्याला फिरवतो.

---

वाशिष्ठी | २२ सप्टेंबर, रात्री ८:०५

अगदी बरोबर. मी कनू उलटी केली होती. म्हणजे पुढच्या बैठकीवर मागे तोंड करून बसायचं, त्यामुळे माणूस मध्याच्या जवळ येतो. अन्नाचं पिंप आणि पाण्याच्या पिशव्या समोर, वाऱ्याच्या अंदाजाप्रमाणे पुढे-मागे सरकवायच्या. तलावावर आणि रुंद पात्रात दुहेरी पात्याचं वल्हं वापरलं, बाकी वेळ साधं. साध्या वल्ह्याने एका बाजूनेच वल्हवत सरळ जाण्यासाठी फटक्याच्या शेवटी पातं बाहेर वळवायचं, ते मी दोन उन्हाळे इथल्या नॉर्थ सस्कॅचवन नदीवर घोटलं.

---

जुना_सभासद | २३ सप्टेंबर, दुपारी १२:४०

लेखन उत्तम आहे, यात वाद नाही. पण स्पष्ट बोलतो. अशा ठिकाणी एकट्याने जाणं मला पटत नाही. तुम्ही सगळी काळजी घेतलीत, मान्य. तरी पाय मुरगळला, दगडावर डोकं आपटलं, तर तुमच्यासाठी हेलिकॉप्टर काढणाऱ्यांचाही जीव धोक्यात येतो. घरच्यांची झोप उडते ती वेगळी. माझ्या भाच्याला आम्ही सह्याद्रीत एका एकट्याच्या मोहिमेनंतर दोन दिवस शोधत होतो. तो सापडला, पण ते दोन दिवस मी विसरलेलो नाही. अशा धाग्यांमुळे तरुण मुलं प्रेरणा घेतात आणि तयारी घेत नाहीत.

---

सह्यवेडा | २३ सप्टेंबर, दुपारी १:३०

काका, मुद्दा रास्त आहे. पण या धाग्यात तयारीच तर सांगितली आहे.

---

वाशिष्ठी | २३ सप्टेंबर, रात्री ९:१५

जुना_सभासद, तुमच्या त्या दोन दिवसांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी तुमचं म्हणणं हलक्यात घेत नाही.

माझं उत्तर असं. शोधणाऱ्यांवरचा भार कमी करणं ही एकट्या जाणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे, आणि तुम्ही जे दोन दिवस म्हणता ते बहुतेक वेळा 'कुठे शोधायचं' हे माहीत नसल्यामुळे जातात. माझ्याकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र होतं. सकाळी निघताना आणि संध्याकाळी काठाला लागल्यावर ठिकाणासह संदेश घरी. व्हाइटहॉर्स, कारमॅक्स आणि डॉसन सोडून फोन लागेल असं धरायचंच नाही. मी नदीही अशी निवडली की वाट एकच आहे, पात्राचे फाटे पुढे पुन्हा एकत्रच येतात, आणि उन्हाळ्यात इतर कनूवाले अधूनमधून भेटतात. निर्मनुष्य पठारावरच्या अनोळखी नदीवर मी एकटी गेले नसते.

तरीही जोखीम शून्य झाली असं मी म्हणणार नाही. मी ती समजून घेतली. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला इतके दिवस कोणाच्या वेळापत्रकाशिवाय, फक्त पाणी बघून निर्णय घ्यायला मिळणं, याचं माझ्या लेखी मोल फार मोठं आहे. तुम्हाला ते पटलं नाही तरी राग नाही.

---

मोरपीस | २३ सप्टेंबर, रात्री १०:४५

ताई, रात्री भीती नाही वाटायची?

---

वाशिष्ठी | २३ सप्टेंबर, रात्री ११:१०

सुरुवातीच्या रात्री वाटली. काठ ढासळतो त्याचा आवाज तोफेसारखा मोठा येतो, झोपेतून उठून बसवतो. नंतर आवाज ओळखू यायला लागले. बीव्हर शेपटी आपटतो तो, मूस (मोठं हरीण) उथळ पाण्यातून चालतं तो, माती पडते तो. ओळखीच्या आवाजाची भीती वाटत नाही. सप्टेंबर लागल्यावर दिवसभर डोक्यावरून सँडहिल क्रौंचांचे थवे दक्षिणेला जायचे, त्यांचा कलकलाट खूप उंचावरून येतो, आणि मी मान मोडेपर्यंत वर बघत बसायचे.

भीतीपेक्षा मला एका गोष्टीचं दुःख जास्त झालं, आणि ते मूळ पोस्टमध्ये राहिलं. काठावर जुने मासेमारीचे तळ दिसतात, मासे वाळवायचे मांडव, सगळे रिकामे. युकॉनमधला चिनूक सॅमन इतका घटला की २०२४ मध्ये कॅनडा आणि अलास्काने मिळून सात वर्षं, म्हणजे त्या माशाचं एक अख्खं जीवनचक्र, त्याची मासेमारी थांबवली. समुद्रापासून तीन हजार किलोमीटर वर येणारा मासा आहे तो. इथल्या फर्स्ट नेशन्सच्या लोकांचं वर्षाचं अन्न, आणि लहान मुलांना शिकवायची जागा, दोन्ही त्या मांडवांखाली होतं. माझ्यासाठी ती सुंदर सहल होती. ज्यांची ती नदी आहे त्यांच्या घरी मासा नाही, हे मला लिहायलाच हवं होतं.

---

पुणेरी_पाऊल | २४ सप्टेंबर, सकाळी ८:२०

मी पुढच्या वर्षी कॅल्गरीला बदलून येतोय. पोहता येतं, सह्याद्रीत भरपूर भटकलोय, कनूत कधी बसलो नाही. थेट हेच करावं का?

---

वाशिष्ठी | २४ सप्टेंबर, सकाळी ९:००

एकट्याने थेट नको. पहिला उन्हाळा शिकण्यात घाला, वाहत्या पाण्यात कनू उलटवून पुन्हा काठाला येण्याचा सराव प्रशिक्षकासोबत करा. मग कोणासोबत तरी टेस्लिन नदीने जॉन्सन्स क्रॉसिंग ते कारमॅक्स करा. ती लबार्जच्या खाली मिळते, त्यामुळे तो तलाव टळतो. जून-जुलैत रात्र जवळजवळ होतच नाही, पण डास असह्य. ऑगस्टअखेर डास सरतात, अस्पेन पिवळे होतात, उत्तरप्रकाश दिसू लागतो, मात्र पहाटे तंबूवर दव गोठलेलं असतं.

---

ओंटारियोवासी | २४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३५

व्हाइट नदीच्या खाली पिण्याच्या पाण्याचं काय केलंत? गाळणी तर लगेच बसली असेल.

---

वाशिष्ठी | २४ सप्टेंबर, रात्री ८:१०

नदीचं पाणी गाळणीत घातलंच नाही. बाजूने येणाऱ्या स्वच्छ ओढ्यांच्या तोंडाशी थांबून पिशव्या भरायच्या, मग गाळायचं. ओढा नाही मिळाला तर संध्याकाळी बादलीत नदीचं पाणी ठेवायचं, सकाळपर्यंत बराच गाळ बसतो, वरचं हलकेच ओतून उकळायचं.

---

जुना_सभासद | २५ सप्टेंबर, सकाळी ११:००

तुमचं उत्तर दोनदा वाचलं. मत बदललं नाही, पण एक विनंती आहे. घरी जी माहिती लिहून ठेवली होतीत ती इथे द्याल का? भाच्याला पाठवतो.

---

वाशिष्ठी | २५ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२५

नक्की. नवऱ्याकडे आणि व्हाइटहॉर्सच्या कनूवाल्यांकडे एकच कागद होता. त्यात कनूचा रंग आणि लांबी, तंबूचा रंग, माझ्या लाइफ जॅकेटचा रंग, माझी औषधं आणि रक्तगट. मुक्कामाच्या संभाव्य जागा नकाशाच्या पानांच्या क्रमांकांसह. कुठल्या तारखेपर्यंत अन्न पुरेल. संध्याकाळचा संदेश आला नाही तर लगेच घाबरायचं नाही, यंत्र बंद पडू शकतं. पण सलग दोन संध्याकाळी आला नाही आणि यंत्राचं ठिकाणही हललं नाही, तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा आणि नेमकं काय सांगायचं, ती वाक्यं मीच लिहून दिली होती, म्हणजे घाबरलेल्या माणसाला शब्द शोधावे लागू नयेत. आणि आपत्कालीन बटण दाबलं गेलं तर त्याचा अर्थ एकच: मला स्वतःला बाहेर येता येत नाही, वाट बघू नका. भाच्याला सांगा, हा कागद घरी मोठ्याने वाचून दाखव. आमच्याकडे वाचला तेव्हा नवऱ्याने तीन प्रश्न विचारले आणि तिन्ही उत्तरं त्यात नव्याने लिहावी लागली.